कोंबडीचं शेड टाकण्याआधी व्हायरसचा हिशेब मांडा : नवापूरने शिकवलेला धडा



मागच्या महिन्यात एका कार्यशाळेनंतर एक तरुण थांबला होता. सोबत वडील. हातात वही. "सर, दोन हजार ब्रॉयलरचं शेड टाकतोय, कंपनीच्या करारावर नाही, स्वतःच्या खर्चाने. एकदा हिशेब बघता का?"

वही उघडली आणि खरंच बरं वाटलं. पिल्लांचा दर, खाद्याची पोती, तूस, वीज, मजुरी, लसी, सगळं व्यवस्थित मांडलेलं. मरतूक पाच टक्के धरलेली. बाजारभाव मुद्दाम थोडा कमी धरलेला. कर्जाचा हप्तासुद्धा लिहिलेला. तारण म्हणून वडिलांच्या नावची दोन एकर.

मी एकच प्रश्न विचारला. "साथ आली तर?"

तो हसला. "सर, ते काय आपल्या हातात आहे का? ते नशिबावर."

वडील तोपर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "साहेब, आमची जमीन एवढीच आहे."

आजचा लेख त्या वडिलांसाठी आहे. कुक्कुटपालन करू नका असं मी सांगणार नाही. हा चांगला धंदा आहे आणि महाराष्ट्रात हजारो घरं त्यावर उभी आहेत. पण नवीन व्हायरस ही गोष्ट "नशीब" या खान्यात टाकून चालणार नाही. व्हायरस येणं आपल्या हातात नसतं, हे खरं. पण तो आपल्या शेडमध्ये शिरतो की नाही, शिरलाच तर किती नुकसान करतो आणि त्यानंतर आपण उभे राहतो की नाही, यातलं बरंच काही आपल्या हातात असतं. कसं, ते बघू.

नवापूर, फेब्रुवारी २००६

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर तुम्हाला माहीत असेल. सुरत-धुळे रस्त्यावरचं, गुजरातच्या सीमेला चिकटलेलं गाव. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. या भागात अंड्यांच्या कोंबड्यांचे मोठे फार्म उभे राहिले. जवळ सुरतेचं मार्केट, मुंबईला जाणारा रस्ता, असा हिशेब करून लोकांनी गुंतवणूक केली होती.

२००६ च्या सुरुवातीला तिथे कोंबड्या मरायला लागल्या. अनेकांना वाटलं, राणीखेत आहे. आपण ज्याला मानमोडी म्हणतो, तोच. या धंद्यातल्या प्रत्येकाला तो रोग माहीत असतो, त्याची लस असते आणि तो येऊन जातो. त्यामुळे सुरुवातीचे दिवस ओळखीच्या रोगावर इलाज करण्यात गेले.

नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला निकाल जाहीर झाला. बर्ड फ्लू, एच५एन१. भारतात या व्हायरसची ही पहिली नोंद. त्यानंतर संरक्षक पोशाख घातलेली पथकं गावात आली. फार्मवरचेच नाही, तर आसपासच्या गावांतल्या परसातल्या गावरान कोंबड्याही मारून पुरल्या गेल्या. सीमेपलीकडे गुजरातमधल्या उच्छलमध्येही लागण निघाली आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात. ज्या घराचा फार्मशी काही संबंध नव्हता, ज्या बाईच्या अंगणात चार कोंबड्या होत्या, तिच्याही गेल्या.

फार्म पुन्हा उभे राहिले. लोकांनी परत पिल्लं भरली, परत अंडी निघायला लागली. आणि पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापूरमध्येच बर्ड फ्लू पुन्हा आला. पुन्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले.

म्हणून मी "साथ आली तर?" असं न विचारता "साथ येईल तेव्हा?" असं विचारायला हवं होतं. शेडचं कर्ज सात-आठ वर्षांचं असतं. तेवढ्या काळात राज्यात कुठे ना कुठे बर्ड फ्लू निघणार, हे गृहीत धरूनच धंदा मांडायचा.

हा व्हायरस येतो कुठून?

थोडं विज्ञान समजून घेऊ, कारण त्यातूनच आपले नियम निघतात.

बर्ड फ्लूचे व्हायरस मुळात रानबदकं आणि पाणपक्ष्यांमध्ये राहतात. बऱ्याचदा ते पक्षी आजारी दिसतही नाहीत. त्यांच्या विष्ठेतून व्हायरस तळ्यात पडतो. हिवाळ्यात आपल्याकडे उजनी, जायकवाडी, नांदूरमध्यमेश्वर अशा पाणवठ्यांवर परदेशी पाहुणे उतरतात. पक्षीप्रेमींसाठी तो आनंदाचा काळ असतो, कुक्कुटपालकासाठी सावध राहण्याचा. नोव्हेंबर ते मार्च हे महिने कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

आता "नवीन" व्हायरस तयार कसा होतो? फ्लूच्या व्हायरसचा सगळा मसुदा आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असतो. एकाच प्राण्याच्या पेशीत दोन जातींचे फ्लू एकाच वेळी शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसल्यासारखं होतं. बाहेर पडणारा व्हायरस दोघांपेक्षा वेगळा निघू शकतो. २००९ चा स्वाइन फ्लू असाच होता. त्यात डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिन्हींच्या फ्लूचे तुकडे होते. त्या वर्षी देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. तोंडाला रुमाल बांधून फिरणारं ते पुणे अनेकांना आठवत असेल.

एच५एन१ चा धागा १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या एका आजारी हंसापर्यंत जातो. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये तो माणसांत आला. १८ जणांना लागण, त्यातले ६ दगावले. तिथल्या सरकारने शहरातल्या सगळ्या, म्हणजे दहा लाखांहून जास्त कोंबड्या मारल्या, तेव्हा तो थांबला. २००३ पासून आजपर्यंत जगभरात नऊशेहून जास्त माणसांना त्याची लागण नोंदली गेली आणि त्यातले जवळपास निम्मे गेले. भारतात २०२१ मध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीत दगावला. तो व्हायरस माणसाकडून माणसाला सहज पसरत नाही, म्हणून आकडा एवढ्यावरच राहिला. पण ज्याला लागतो त्याच्यासाठी तो साधा सर्दी-खोकला नसतो.

आणि हा व्हायरस पक्ष्यांपुरता थांबलेलाही नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत तो दुभत्या गायींमध्ये सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ निघाला. वाघापर्यंत जो पोचतो, तो तुमच्या शेडच्या जाळीला घाबरेल असं समजू नका.

आंब्याच्या झाडाखालचा गोठा

आता एक उदाहरण परदेशातलं. मुद्दाम सांगतो, कारण ती सरळ सरळ धंद्याची गोष्ट आहे.

मलेशियात ईपो शहराजवळ मोठे वराहपालन फार्म होते. काही फार्मवर डुकरांच्या गोठ्यांजवळच आंब्याची झाडं लावलेली होती. जागा तीच, खर्च तोच, उत्पन्न दोन. आपणही कार्यशाळेत असंच सांगतो ना, जोडधंदा करा म्हणून?

झालं काय, फळं खायला वटवाघळं यायची. त्यांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली गोठ्यात पडायची, ती डुकरं खायची. वटवाघळाच्या अंगातला एक व्हायरस असा डुकरांत आला आणि डुकरांतून फार्मवर काम करणाऱ्या माणसांत. साल १९९८.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हा जपानी मेंदूज्वर आहे. तो रोग तिथे माहितीतला होता, डासांमुळे होतो, डुकरांशी त्याचा संबंधही असतो. मग डासांची फवारणी झाली, लसी टोचल्या. महिने गेले. माणसं मरतच राहिली. दरम्यान घाबरलेल्या काही मालकांनी डुकरं स्वस्तात विकून टाकली. ती ट्रकमधून दुसऱ्या राज्यात गेली आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. मार्च १९९९ मध्ये व्हायरस ओळखला गेला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळालं, निपाह. या साथीत एकूण २६५ जण आजारी पडले, त्यातले १०५ गेले. दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. हाच निपाह २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोड भागात आला आणि तिथे १७ जणांचा जीव घेऊन गेला.

नवापूर आणि मलेशिया शेजारी शेजारी ठेवून बघा. देश वेगळा, प्राणी वेगळा, व्हायरस वेगळा. तरी सुरुवात तशीच. नवीन रोगाला ओळखीचा रोग समजलं. मलेशियात त्यावर दुसरी चूक झाली, घाबरून माल विकला. या दोन चुका टाळता आल्या, तर अर्धं काम झालं.

पैशाचा हिशेब : नुकसानभरपाई किती आणि कशाची

आता वहीकडे वळू. बऱ्याच जणांचा समज असतो, "काही झालं तर सरकार भरपाई देतं." देतं, पण कशाची आणि किती, हे नीट समजून घ्या.

भारताचं धोरण असं आहे की बर्ड फ्लू निघाला की बाधित ठिकाणापासून साधारण एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवायची. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या जिवंत पक्ष्यांची. त्याआधी जे रोगाने मेले, त्यांचे पैसे मिळत नाहीत.

२०२१ च्या साथीत महाराष्ट्रात जे दर जाहीर झाले होते ते असे :

- अंड्याची कोंबडी, आठ आठवड्यांवरची : ९० रुपये, त्याहून लहान : २० रुपये
- ब्रॉयलर, सहा आठवड्यांवरचा : ७० रुपये, त्याहून लहान : २० रुपये
- अंडं : ३ रुपये, खाद्य : किलोला १२ रुपये

दर बदलतात, म्हणून तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजचा दर विचारा. पण रचना लक्षात घ्या. आपला ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांच्या आतच विकला जातो. म्हणजे साथ आली तेव्हा तो जवळजवळ नेहमी "लहान" या खान्यातच असणार.

त्या तरुणाच्या दोन हजार पक्ष्यांचं गणित करू. समजा पस्तीसावा दिवस आहे. पिल्लू ४० रुपये, तीन किलो खाद्य ४२ रुपये दराने १२६, बाकी औषध-तूस-वीज-मजुरी २४. एका पक्ष्यावर १९० रुपये लागले. दोन हजारांचे झाले ३ लाख ८० हजार. समजा कळवेपर्यंत तीनशे मेले. उरले सतराशे. वीस रुपयांनी हातात येणार ३४ हजार.

तीन लाख ऐंशी हजार घातले, चौतीस हजार आले. आणि त्यानंतर शेड काही महिने रिकामं. साफसफाई, निर्जंतुकीकरण, तपासण्या आणि परवानगी होईपर्यंत नवीन पिल्लं भरता येत नाहीत. बँकेचा हप्ता मात्र चालूच.

आता कळतं का, वडील काय विचारत होते?

व्हायरसआधी अफवा येते

मित्रांनो, तुमच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी न पडता तुमचा धंदा बसू शकतो.

फेब्रुवारी-मार्च २०२० आठवा. कोरोना माणसांचा रोग. कोंबडीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरले, "चिकन खाल्ल्याने कोरोना होतो." बस्स. उत्पादन खर्च किलोला सत्तर रुपयांच्या घरात असताना फार्मवरचा भाव काही ठिकाणी दहा रुपयांच्या खाली गेला. लोकांनी पक्षी फुकट वाटले, पिल्लं खड्ड्यात पुरली. उत्तर प्रदेशात गोरखपूरला कुक्कुटपालकांनी "चिकन मेळा" भरवून तीस रुपयांत ताट दिलं, लोकांची भीती जावी म्हणून.

आणि पुढे काय झालं? मे महिन्यात भाव परत वर गेला, कारण बाजारात मालच नव्हता. ज्यांच्याकडे नवीन पिल्लं भरायला पैसे उरले होते त्यांनी कमावलं. ज्यांचं खेळतं भांडवल मार्चमध्येच संपलं होतं, ते रिकाम्या शेडमध्ये बसून भाव बघत राहिले.

दूधवाल्यांनीही २०२२ मध्ये हे अनुभवलं. लम्पी हा गायींचा रोग, माशा-गोचीड-डासांमुळे पसरतो, माणसाला होत नाही. तरीही गिऱ्हाईक विचारायचं, "दूध चालेल ना?" वराहपालन करणाऱ्यांना आफ्रिकन स्वाइन फीव्हरची भीती असते. तोही माणसाला होत नाही, पण डुकरांचा कळप संपवतो.

अफवेवर उपाय काय? "काही होत नाही, बिनधास्त खा" असं म्हणू नका, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. नेमकं सांगा. मांस आणि अंडी ७० अंश सेल्सिअसला पूर्ण शिजली की हा व्हायरस मरतो, आणि आपली रश्शाची पद्धत त्याहून कितीतरी जास्त तापमानाची आहे. कच्चं किंवा अर्धवट उकडलेलं अंडं टाळा. कच्चं मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कारण साबणाने या व्हायरसचं बाहेरचं तेलकट आवरण फाटतं. तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी फोनमध्ये ठेवा. शेड स्वच्छ असल्याचे फोटो, डॉक्टर तपासून गेल्याची तारीख, हे साथीच्या आधीपासून पाठवत राहा. संकट आल्यावर पहिल्यांदा बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

शेडच्या दारावरचे आठ नियम

व्हायरस रानपक्ष्यातून येतो खरा, पण एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर बहुतेक वेळा तो माणूसच नेतो. बुटाच्या तळव्याला, अंड्याच्या ट्रेला, गाडीच्या चाकाला चिकटून. म्हणून जैवसुरक्षा म्हणजे काही मोठी मशीन नाही. रोजची शिस्त आहे.

१. जागा. तळं, ओढा, दुसरा फार्म आणि कत्तलीची दुकानं यांच्यापासून शक्य तेवढं लांब. शेडवर फळझाडाच्या फांद्या नकोत. मलेशिया आठवा.

२. जाळी. चिमणी आत शिरणार नाही एवढी बारीक. खाद्य बाहेर सांडलं की कावळे येतात. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यात उदगीरला आधी कावळेच मरून पडले होते. सांडलेलं खाद्य रोज उचला.

३. शेडची चप्पल वेगळी. दारात गमबूट ठेवा, ते शेडबाहेर न्यायचे नाहीत. पाय बुडवायला औषधाचं पाणी ठेवता ना? ते रोज बदला. आणि आधी बुटाची घाण ब्रशने काढा. चिखलाने भरलेल्या बुटावर औषध काम करत नाही.

४. पाहुणे बंद. शेजारी, पाहुणे, दुसरे कुक्कुटपालक, "बघून जातो जरा" म्हणणारे, कुणीच नाही. वाईट वाटलं तरी चालेल. येणाऱ्याची नोंदवही ठेवा. त्यात तो आधी कुठल्या फार्मवर होता हेही लिहा.

५. ट्रे, क्रेट, गाडी. कागदी ट्रे परत घ्यायचे नाहीत. प्लॅस्टिकचे ट्रे आणि पिंजरे धुऊन, औषध मारून, वाळवूनच आत. व्यापाऱ्याची गाडी गेटबाहेर थांबवा, पक्षी तिथपर्यंत तुम्ही न्या.

६. एका वेळी एकाच वयाचे पक्षी. सगळे एकदम भरा, सगळे एकदम काढा, मग शेड धुवा, चुना मारा आणि काही दिवस रिकामं ठेवा. मोठ्यांमध्ये लहान मिसळले की रोगाची साखळी तुटत नाही. बदकं, कोंबड्या आणि डुकरं एकाच आवारात तर अजिबात नको.

७. मजुराच्या घरी कोंबड्या नकोत. हे बोलायला अवघड जातं. उपाय सोपा आहे. त्याला घरच्यासाठी अंडी तुम्ही द्या.

८. मेलेला पक्षी खड्ड्यात, चुन्यासह. ओढ्यात नाही, उकिरड्यावर नाही, कुत्र्याला नाही. आणि हातमोजे-मास्क लावल्याशिवाय हात लावू नका. घरातल्या लहान मुलांना शेडमध्ये खेळायला पाठवू नका.

या सगळ्याला किती खर्च येतो? गमबूट, ब्रश, चुना, औषध, जाळी, नोंदवही. शेडच्या किमतीपुढे ही रक्कम फार लहान आहे. लोक पैशामुळे नाही, कंटाळ्यामुळे हे सोडून देतात.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

समजा तरीही एक दिवस सकाळी शेडमध्ये गेलात आणि रोज दोन-तीन मरायचे तिथे पंचवीस पडलेत. तुरे आणि गलोल निळसर, डोकं सुजलेलं, पायाला लाल डाग. किंवा काहीच न दिसता अचानक मेलेत. अंड्यांचं शेड असेल तर अंडी एकदम घटलीत, कवच मऊ पडलंय. खाद्य तसंच शिल्लक आहे.

इथे मनात दोन आवाज येतात. पहिला म्हणतो, "मानमोडी असेल, औषध पाजू." दुसरा म्हणतो, "उरलेले आजच विकून टाक, निदान पैसे तरी सुटतील."

दोन्ही आवाज ऐकू नका. मानमोडी आहे की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. ते प्रयोगशाळेतच ठरतं. आणि विकून टाकलं तर व्हायरस व्यापाऱ्याच्या गाडीत, दुकानात, दुसऱ्याच्या शेडमध्ये जातो. ज्याने तो पिंजऱ्यातून उचलला, त्याच्या घरातही जाऊ शकतो.

करायचं ते एवढंच :

- गेट बंद. आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. पक्षी, अंडी, खत, काहीही बाहेर जाणार नाही.
- तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन, किंवा १९६२ या क्रमांकावर. रोग लपवणं हा २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्यानुसारही गुन्ह्याकडे नेणारं आहे. कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे.
- पक्षी स्वतः कापून बघू नका. नमुने घ्यायला प्रशिक्षित माणसं येतील.
- त्या दिवसापर्यंतची मरतूक नोंदवही, पिल्लांची आणि खाद्याची बिलं काढून ठेवा. पंचनाम्यात हेच कागद बोलतात.
- शेडमध्ये काम करणाऱ्या कुणाला ताप, खोकला, डोळे येणं असं काही वाटलं तर लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि "मी मेलेल्या कोंबड्या हाताळल्यात" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

पैशाच्या भाषेत सांगायचं तर कळवायला जितका उशीर, तितके जास्त पक्षी "आधीच मेलेले" या खान्यात जातात, आणि त्या खान्याची भरपाई शून्य आहे. लवकर कळवणाऱ्याला थोडं तरी मिळतं, आणि त्याचे शेजारी वाचण्याची शक्यता असते. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये साथ खेडोपाडीच्या परसातल्या कोंबड्यांत पसरत गेली आणि सुमारे चाळीस लाख पक्षी मारावे लागले. एवढी साथ कुठून तरी एका अंगणातूनच सुरू झालेली असते.

वहीतलं नवीन पान

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून त्या वहीत एक नवीन पान लिहिलं. तुम्हीही लिहा. त्यात पाच ओळी आहेत :

एक. शेड रिकामं राहिलं तर किती महिने हप्ता भरू शकतो? उत्तर सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर कर्ज लहान करा.

दोन. एका संपूर्ण बॅचचा खर्च वेगळ्या खात्यात बाजूला आहे का? नफ्याच्या पहिल्या दोन बॅचेसमधून तो आधी उभा करा. गाडी नंतर.

तीन. विमा घेतलाय, पण त्यात एव्हियन इन्फ्लुएन्झा धरलाय की वगळलाय? एजंटला विचारू नका, पॉलिसी वाचा.

चार. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असाल तर साथीत नुकसान कुणाचं? भरपाई कुणाच्या खात्यात जाणार? करारात लिहिलं नसेल तर लिहून घ्या.

पाच. घरात कोंबडीशिवाय दुसरं उत्पन्न काय? ज्या दिवशी शेड बंद असेल, त्या दिवशी किराणा कशावर भरणार?

पंधरा दिवसांनी त्या तरुणाचा फोन आला. दोन हजारांऐवजी आठशे पक्ष्यांचं शेड टाकतोय. कर्ज निम्म्याहून खाली आलंय आणि दोन एकरांपैकी एकच एकर तारण राहिलंय. जागा बदलली, कारण आधीची तळ्याच्या काठावर होती. "सर, नफा कमी दिसतोय वहीत," तो जरा नाराजीनेच म्हणाला.

मी म्हटलं, "वडिलांना विचार."

फोनवर वडील आले. म्हणाले, "साहेब, आता पोराला झोप लागते की नाही माहीत नाही, मला लागते."

मित्रांनो, आजचं काम : वरचं पाच ओळींचं पान तुमच्या वहीत आजच लिहा. कोंबडी असो, गाय असो, शेळी असो, प्रश्न तेच आहेत. ज्या ओळीला उत्तर सापडणार नाही, ती व्हिडिओखाली कॉमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात आपण जैवसुरक्षेचं रोजचं वेळापत्रक प्रत्यक्ष शेडमध्ये उभं राहून बघणार आहोत. आणि हो, तोपर्यंत शेडच्या दारात एक वेगळी गमबुटांची जोडी ठेवा. सुरुवात तिथूनच होते.

भेटू लवकरच. धंदा करा, डोळे उघडे ठेवून करा.